आत घेतलेली शिवण

"श्वास सोडा आता," टेलरबाई म्हणाल्या.

"सोडला तर चेन तुटेल हो!" आरशात बघत, ओठही न हलवता नवरी म्हणाली.

लग्न चार दिवसांवर आलेलं आणि ड्रेसची चेन पाठीत मध्येच अडलेली. माप देताना याच नवरीनं बजावलं होतं, घट्टच शिवा, तोवर मी बारीक होणार आहे. सगळ्याच नवऱ्या असं बजावतात. होत कुणीच नाही. बाईंच्या तोंडात टाचण्या, हातात खडू, आणि बोटं तिच्या पाठीवर कुठे सोडता येईल ते चाचपत होती.

"आत माया ठेवलीय मी, जास्तीचं कापड आहे. बाजूची शिवण थोडी सोडते, आरामात बसेल."

"अजिबात सोडायची नाही!" नवरी जवळजवळ किंचाळलीच. "होणाऱ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलंय मला, फोटोत अशीच दिसणार का म्हणून. चार दिवस नुसत्या पाण्यावर राहीन मी."

"मैत्रिणी नाही का म्हणत, छान दिसतेस म्हणून?"

"त्या म्हणतातच."

"ते मात्र खरं," बाई टाचण्यांच्या फटीतून हसल्या. "माणसं तोंडदेखलं बोलतात. कपडा कुणाची भीड ठेवत नाही."

हे बाईंचं ठरलेलं वाक्य. मापाला उभ्या राहिलेल्या प्रत्येकीला त्यांनी ते ऐकवलेलं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, हिचं माप खरं असतं असं त्याला वाटायचं.

"पाणी गरम प्या," खाली बसलेली गुब्बू म्हणाली. ती ड्रेसचा घेर दुमडून टाके घालत होती. मान वर न करता, गिऱ्हाइकाला धुण्याची पद्धत सांगावी तशा आवाजात तिनं सांगितलं, "गरम पाण्यानं भूक लवकर मरते. आणि लवकर झोपून जायचं. झोपलं की कळत नाही."

बाईंची बोटं जागच्या जागी थांबली. नवरीनं मात्र कौतुकानं खाली पाहिलं.

"तुला काय कळणार गं आमचं दुःख! कसली मस्त बारीक आहेस! टेलरबाई, मुलीला काय खायला घालता हो तुम्ही? मलाही सांगा."

डोक्यावर पंखा जीव खाऊन फिरत होता, नवरीच्या कपाळावर घाम होता, आणि बाईंची मुलगी जाड स्वेटरच्या बाह्या पंजांपर्यंत ओढून बसली होती. नखं निळसर झाली होती. नवरी हसली म्हणून गुब्बूही जराशी हसली, तेव्हा गालाची कातडी हाडावर ताणली गेली.

गुब्बू हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा अशी गुबगुबीत होती, की सुईणीनंच ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घरात, शाळेत, गल्लीत, सगळीकडे गुब्बूच. लहानपणी गोड वाटलं. पोर मोठी झाली, अंगानं भरली, तेव्हाही सगळे हाक मारतच राहिले आणि ती ओ देतच राहिली. कुणी विचारलं होतं का तिला, बाई गं, आवडतं का तुला हे? छे! मग एका लग्नात घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा होता. तिची आत्या मोठ्यानं म्हणाली, "गुब्बूला मागं घाला रे, नाहीतर फोटोत दुसरं कुणी मावायचं नाही!" सगळे खो खो हसले. गुब्बूचा बाप हसला. बाईही हसल्या. आणि खरं सांगायचं तर गुब्बूही हसली, आणि मागे जाऊन उभी राहिली.

त्यानंतर तिनं गोड सोडलं. मग तेल सोडलं. मग रात्रीचं जेवण. अंग उतरायला लागलं तसे लोक वळून बघायला लागले. बाईंना तर काय, ऊर भरून आला! दुकानात येणाऱ्या जाणाऱ्या बायकांपुढे त्या पोरीला गोल फिरवायच्या. "बघा, बघा हिला. नुसती जिद्द हो!" बायका तिला विचारायच्या, काय करतेस, किती चालतेस. आत्याचा फोन आला, शाबास म्हणाली. जन्मात कधी मिळाली नव्हती एवढी वाहवा त्या पोरीला एका उन्हाळ्यात मिळाली. मग ती कुठे थांबायची?

ती थांबली नाही. ताटातला भात चमच्यानं इकडून तिकडे फिरवायला लागली. पावाचे नखाएवढे तुकडे करायची आणि एकेक तुकडा चघळत बसायची. "मैत्रिणीकडे खाल्लं" हे पालुपद झालं. गंमत बघा, घरात सगळ्यांसाठी आवडीनं रांधायची, वाढायची, बाप नको म्हणाला तरी आग्रह करायची, आणि स्वतः ओट्याला टेकून बघत राहायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. पाळी थांबली. ते कळल्यावर बाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई भली होती. मुलीला बाहेर बसवून तिनं सांगितलं, "हा हट्ट नाहीये, आजार आहे. रागावून जाणार नाही, लाडानंही जाणार नाही. तिला स्वतःचं अंग जसं आहे तसं दिसतच नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखल करा. तिथे शरीराचेही डॉक्टर आहेत, मनाचेही."

मनाचे डॉक्टर म्हटल्यावर नवरा भडकला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघडलेला भाग काढून फेकला की लिफ्ट चालू, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. "वेड लागलंय का माझ्या पोरीला? उद्या लोक काय म्हणतील? तो वजनकाटा आधी फेकून द्या, त्याच्यापायी झालंय सगळं." आणि त्यानं खरंच काटा उचलून कचऱ्यात नेऊन टाकला. हॉस्पिटल नको म्हणून गुब्बूनं पाय धरले, रडली, उद्यापासून नीट जेवते म्हणाली. दोन दिवस जेवलीही. हॉस्पिटल राहिलं ते राहिलंच.

आणि कपडे? इथंच बाईंनी घोळ घातला. असा घोळ टेलरच्याच हातून होणार, दुसऱ्या कुणाला जमणारही नाही.

मुलीच्या अंगावर कपडे जरा सैल पडायला लागले तसे शेजारपाजारच्या बायकांचे डोळे बोलायला लागले. बाई एकदा म्हणाल्या, "आण गं ती जीन्स, आत घेऊन देते." त्यावर पोरगी अंगावर धावून आली, माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही! मग बाईंनी चोरून काम सुरू केलं. ती कॉलेजात गेली की कपाट उघडायचं, एखादा कपडा काढायचा, शिवण उसवायची, आत घ्यायची. जुन्या टाक्यांची भोकं ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवून बुजवायची. आत जाडी लागू नये म्हणून उरलेलं कापड कापून टाकायचं. दोराही जुनाच वाटावा म्हणून जरा विटलेला वापरायचा. असं बेमालूम काम बाईंनी गिऱ्हाइकाचंही कधी केलं नव्हतं. महिन्या दीड महिन्यानं पुन्हा सैल, पुन्हा आत. जीन्स झाली, शर्ट झाले, राखाडी स्कर्ट झाला.

का करत होत्या? पोरीनं चारचौघांत नीटनेटकं दिसावं, एवढंच म्हणायच्या त्या मनाशी. पण तेवढंच नव्हतं. कपडा अंगाला बसला की त्यांना स्वतःलाच जरा बरं वाटायचं. ताटात उरलेला भात विसरता यायचा. हे त्यांना त्या दिवशी दुपारपर्यंत कळलेलं नव्हतं.

नवरी शिवण न सोडताच ड्रेस ठेवून गेली. दार लोटून बाईंनी सरळ विचारलं, "काय सांगत होतीस तिला?"

"काय?"

"भूक मरते म्हणून. लाज नाही वाटत? पोरगी मांडवात चक्कर येऊन पडली म्हणजे?"

"तीच म्हणाली ना, पाण्यावर राहीन म्हणून."

"गुब्बू, अगं तुझ्याकडे बघ एकदा! हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस. मला झोप लागत नाही गं. श्वास चालू आहे का बघायला उठते मी तुझ्या खोलीत."

"झालं तुझं सुरू!" गुब्बू ताडकन उठली, आणि उठता उठता तिनं टेबलाचा काठ पकडला. डोळ्यांसमोर अंधारी आली होती, ती जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सगळे खोटं बोलता माझ्याशी. तू, बाबा, ती डॉक्टर. मी जाड होते तेव्हा म्हणायचात छान दिसतेस, आता म्हणता हाडं दिसतात. कुणाचं खरं मानू?"

"माझं मान. आईचं मान."

"तुझंच तर मानते!" तिनं स्वेटर वर केला आणि जीन्सच्या कमरेत बोट घातलं. "हे बघ. एकच बोट जातं. गेल्या वर्षी घेतली तेव्हाही एकच जायचं. तीच जीन्स आहे, आई. रोज सकाळी घालून बघते मी. बाबांनी काटा फेकला, आरशाचा काही भरवसा नाही, पण कपडा भीड ठेवत नाही, तूच म्हणतेस ना? इतके महिने उपाशी मरतेय मी, आणि एक बोट सुटलेलं नाही! दोन बोटं जायला लागली की खाईन, असं ठरवलंय मी. देवाशप्पथ ठरवलंय. पण जातच नाहीत ना गं... मी काय करू? अजून किती कमी खाऊ?"

आणि ती रडायला लागली. नाटक नव्हतं ते. थकून, हरून, लहान पोरीसारखी रडत होती.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. दोन बोटं जाऊ लागली की खाईन! आणि दरवेळी तिचं दुसरं बोट आत जायच्या बेतात आलं, की या इस्त्री गरम करत होत्या. पोरगी उपाशी राहून राहून स्वतःच ठरवलेल्या ठिकाणी पोचायची, आणि आई तिच्या नकळत ते ठिकाण पुढे सरकवून ठेवायची. आपल्याच हातांनी. भोकं बुजवून. बेमालूम. बाईंना वाटलं, हे हात तोडून टाकावेत.

बोलू की नको, असं त्यांना क्षणभर वाटलं. एखादी पट्टी जोडून रात्रीत जीन्स गुपचूप सैल करून ठेवावी, असंही मनात येऊन गेलं. पण आणखी किती गुपचूप करायचं?

त्यांनी मशीनखालचं चिंध्यांचं बोचकं ओढलं. चिंधी टाकायची सवय नव्हती, उशांत भरायला ठेवायच्या. त्यात हात घालून त्यांनी निळ्या पट्ट्या निवडल्या, राखाडी निवडल्या, शर्टांच्या चौकड्यांच्या निवडल्या आणि कापायच्या टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या.

"हे काय?" गुब्बूनं नाक पुसत विचारलं.

"हे तुझ्या कपड्यांतलं. मी काढलेलं." बाई म्हणाल्या. "तू घरी नसताना सगळे कपडे आत घेतले गं मी. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती जीन्स तुझी होती तेवढी राहिलीच नाही. दोन बोटं कधीच जायला हवी होती, अख्खी मूठ जायला हवी होती. माझं चुकलं. मार मला हवं तर. पण कपडा खोटा होता, राणी. तू किती कमी झालीस ते बघ इथं. बघ आणि आता तरी खा!"

गुब्बू टेबलापाशी आली. बाई तिच्या तोंडाकडे जीव डोळ्यांत आणून बघत होत्या. आता ही घाबरेल, आता रडेल, गळ्यात पडेल, मला भूक लागलीय म्हणेल. गॅसवर दूध आहे, अंडं उकडून द्यावं, केळं आहे, असंही त्यांनी मनातल्या मनात योजून टाकलं.

गुब्बूनं एक पट्टी उचलली. बोटानं सरळ केली. मग दुसरी तिच्या शेजारी धरली.

"हे सगळं माझं?"

"हो गं."

"एवढं?"

आणि ती हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती तशी, डोळ्यांतून हसली. निकालात नाव पहिलं बघावं तसा तो चेहरा उजळला. ती पट्ट्या एकेक करून गोळा करायला लागली, गुंडाळायला लागली. "आई, मला सांगायचंस ना! मला वाटलं, मला जमतच नाही."

"मग आता खाशील ना? दोन बोटांचं ठरलं होतं ना तुझं?"

"हो, खाणार ना," गुब्बू पट्ट्या छातीशी धरून म्हणाली. "थोडंसंच राहिलंय आता. या जीन्समध्ये खरोखरची दोन जाऊ देत. मग लगेच."

खरं सांगून झालं होतं आणि त्याचंही विषच झालं होतं. बाईंना आत्तापर्यंत वाटत होतं, की कुठेतरी एक बरोबर वाक्य असेल, ते आपल्याला सापडलं की पोर ताटावर बसेल. त्या एका हसण्यात ते संपलं. आपल्या हातात काही नाही, हे त्यांना लख्ख कळलं, आणि एवढी भीती त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, असाल तिथून निघा. गाडी घेऊन या. मोठ्या हॉस्पिटलात जायचंय."

"काय झालं? पडली का?"

"पडायची वाट बघू का? या म्हणते ना!"

लग्नाच्या इतक्या वर्षांत या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. "निघालो," तो म्हणाला.

गुब्बूचा चेहरा क्षणात पालटला. "मी येणार नाही. आई, ऐक ना! उद्यापासून खाते. आत्ता खाते, दे, काय द्यायचं ते दे." ती धडपडत दुकानामागच्या स्वयंपाकघरात गेली, दुधाचा पेला भरला, ओठाला लावला. घोट घेतला, डोळे घट्ट मिटून गिळला. "बघ, प्यायले. बघ ना! आता फोन कर बाबांना, नका येऊ म्हण. आई, पाया पडते गं."

कोणत्या आईला हे बघवेल? बाईंचा हात फोनकडे गेलाही. पण दुसरा घोट काही घशाखाली उतरत नव्हता, आणि पट्ट्या तिनं दुसऱ्या हातात अजून घट्ट धरल्या होत्या. बाईंनी हात मागे घेतला.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

"तू माझी वैरीण आहेस!"

"असू दे. चप्पल घाल."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिच्या छातीवर वायरी लावल्या, कागदावर उमटलेल्या रेघा पाहिल्या, आणि दाखल करायला हवं, आत्ताच, एवढंच म्हणाले. हृदय फार सावकाश चालतंय. जीव वाचेल का, असं बाईंनी विचारलं. प्रयत्न करू, वेळ लागेल, कदाचित वर्षही जाईल, पुन्हा पुन्हा यावं लागेल, असं ते म्हणाले. खोटा धीर दिला नाही. गुब्बूचा बाप भिंतीला टेकून उभा होता. हातांना अजून ग्रीस लागलेलं, ते तो पँटला पुसत होता, पुसत होता.

सिस्टरनं हॉस्पिटलचा गाऊन आणून दिला. सगळ्यांना एकच माप. पडद्याआड गुब्बूनं स्वेटर काढला, त्याखालचा दुसरा स्वेटर काढला, शर्ट काढला. कित्येक महिन्यांनी बाईंनी पोरीची पाठ पाहिली. त्यांना तोंडात पदर कोंबावा तसा हाताचा मागचा भाग दातांत धरावा लागला.

"आई, मागून बांध ना," गुब्बू म्हणाली. तिचा राग दमून गेला होता. "घट्ट बांध. कसंतरीच दिसतंय."

गाऊन खांद्यांवरून दोन्हीकडे ओघळत होता. बाईंचे हात सवयीनं पुढे गेले. पाठीवरचं जास्तीचं कापड त्यांनी चिमटीत गोळा केलं, कंबरेपाशी दुमडलं, एक चुणी, दुसरी चुणी, आणि गाऊन बघता बघता अंगाबरोबर बसला. छान दिसायला लागली पोर. उशाशी कुणाची तरी सेफ्टी पिन पडलेली होती, ती घ्यायला त्यांची बोटं वळलीदेखील.

"बसला ना नीट?" गुब्बूनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही बसला."

त्यांनी कापड सोडून दिलं. नाड्यांची साधी सैल गाठ मारली. गाऊन पुन्हा लोंबायला लागला, गळ्याचं हाड उघडं पडलं. गुब्बूनं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. ती पलंगावर चढली. सिस्टरनं तिच्या हातात सुई शोधायला सुरुवात केली.

बाई शेजारच्या बाकावर बसल्या. खांद्यावरून घसरलेला गाऊन समोर दिसत होता, त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसून राहिल्या.